कच्च्या तेलापासून डिझेल, डांबर आणि गणवेशापर्यंत: रिफायनरीत नेमके काय घडते

इंधनाचे दर वाढले, की सोलापुरातल्या गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: एका बॅरल कच्च्या तेलातून पेट्रोल किती निघते आणि डिझेल किती? बॅरल म्हणजे सुमारे १५९ लीटर, एवढे अनेकांना ठाऊक असते. पुढचा हिशेब मात्र नीट सांगता येत नाही आणि त्यात कोणाचा दोष नाही, कारण या प्रश्नाला एकच एक आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. तेच कच्चे तेल तीन रिफायनऱ्यांना दिले, तर एकीतून डिझेल अधिक निघेल, दुसरीतून पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस अधिक निघेल, आणि तिसऱ्या, जुन्या धाटणीच्या रिफायनरीत जड, काळे, कमी किमतीचे भट्टीचे तेलच मोठ्या प्रमाणावर उरेल. कच्च्या तेलात पेट्रोल आधीच दडलेले असते आणि रिफायनरी ते गाळून काढते, ही समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे. उरलेला अर्धा भाग रेणू तोडण्याचा, त्यांची रचना बदलण्याचा आणि निघालेल्या प्रत्येक पदार्थाला गिऱ्हाईक शोधण्याचा आहे. रिफायनरी समजून घ्यायची असेल, तर माझ्या मते याच भागाकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

कच्चे तेल हा एक पदार्थ नसून हजारो पदार्थांचे मिश्रण आहे. प्राचीन समुद्रांतील सूक्ष्म जीव मरून तळाशी साठले, गाळाखाली गाडले गेले आणि कोट्यवधी वर्षे साधारण ६० ते १५० अंश सेल्सिअस तापमानात दबून राहिले. त्यातून तेल आणि नैसर्गिक वायू तयार झाले. त्यासाठी गाळाचा खडक लागतो. सोलापूर ज्या काळ्या कातळावर वसले आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलेला बेसाल्ट आहे आणि अशा खडकात तेल तयार होत नाही. महाराष्ट्राला सर्वांत जवळचे मोठे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने तिथे, बॉम्बे हायमध्ये, तेलाचा शोध लावला आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तरीही आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते.

या मिश्रणातील बहुतेक रेणू फक्त दोन मूलद्रव्यांचे, कार्बनचे आणि हायड्रोजनचे, बनलेले असतात आणि म्हणूनच त्यांना हायड्रोकार्बन म्हणतात. एका रेणूत किती कार्बन आहेत, यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते. तीन कार्बनचा प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणजे आपल्या हवेत तो वायूच असतो. सहा कार्बनचा हेक्झेन ६९ अंशांना, आठ कार्बनचा ऑक्टेन १२६ अंशांना आणि सोळा कार्बनचा हेक्झाडेकेन २८७ अंशांना उकळतो. त्याहून कितीतरी लांब आणि गुंतागुंतीचे रेणू असे असतात, की उकळण्याआधीच ते उष्णतेने मोडतात. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, डांबर ही नावे आपण वेगवेगळ्या पदार्थांची समजतो. प्रत्यक्षात ती याच रेणूंच्या लांबीनुसार पाडलेल्या गटांची नावे आहेत. पेट्रोलमध्ये साधारण चार ते बारा कार्बनचे रेणू असतात, विमानाच्या इंधनात व रॉकेलमध्ये दहा ते सोळा, डिझेलमध्ये त्याहून थोडे मोठे. सीमारेषा एकमेकींत मिसळलेल्या असतात, हेही लक्षात ठेवावे. एखादा बारा कार्बनचा रेणू तिन्हीपैकी कोठेही जाऊ शकतो, आणि रिफायनरी चालवणाऱ्यांना याच लवचिकतेचा मोठा उपयोग होतो.

सगळे कच्चे तेल सारखे नसते. बॉम्बे हायचे तेल हलके, मेणाचे प्रमाण जास्त असलेले आणि गंधक अगदी कमी असलेले आहे, तर आखाती देशांतून येणाऱ्या अनेक तेलांत दोन ते तीन टक्के गंधक असते आणि जड रेणूंचा वाटाही मोठा असतो. हलके तेल महाग मिळते, जड तेल स्वस्त. जड तेलापासून चांगले इंधन बनवण्याची यंत्रणा ज्या रिफायनरीकडे असते, तिला स्वस्त कच्चा माल विकत घेता येतो. जामनगरची रिफायनरी १९९९ मध्ये सुरू झाली आणि पुढे जगातील सर्वांत मोठी ठरली, तिच्या व्यवसायाचा एक मोठा आधार हाच आहे.

तेल रिफायनरीत आले, की पहिले काम मीठ काढण्याचे असते. भूगर्भातून तेलाबरोबर खारे पाणी येते आणि त्यातील क्षार तापवल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात, जे पोलादी नळ्यांना आतून खाऊन टाकते. म्हणून तेलात स्वच्छ पाणी मिसळतात, मिश्रण सव्वाशे अंशांच्या आसपास तापवतात आणि त्यावर विजेचे तीव्र क्षेत्र लावतात. पाण्याचे बारीक थेंब एकत्र येऊन क्षारांसह खाली बसतात. त्यानंतर तेल भट्टीत जाते आणि सुमारे ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापते. इथे एक काटकसर सांगण्यासारखी आहे. मनोऱ्यातून बाहेर पडणारे गरम डिझेल, रॉकेल इत्यादी थंड करायचेच असते, तेव्हा त्यांची उष्णता आत येणाऱ्या थंड तेलाला दिली जाते, त्यामुळे भट्टीपाशी पोचेपर्यंत कच्चे तेल बरेचसे तापलेले असते. एवढे करूनही आलेल्या तेलापैकी काही हिस्सा, साधारण ५ ते १० टक्के, रिफायनरी स्वतःच इंधन म्हणून खर्च करते.

भट्टीतून निघालेले, अंशतः वाफ झालेले तेल एका उंच मनोऱ्यात शिरते. या मनोऱ्याचा तळ सर्वांत गरम आणि माथा सर्वांत थंड असतो. आत एकावर एक अशा तीस ते पन्नास सच्छिद्र थाळ्या असतात. वाफ छिद्रांतून वर चढते, वर चढताना थंड होते आणि ज्या थाळीवरील तापमान एखाद्या रेणूच्या उत्कलनबिंदूइतके असते तिथे तो रेणू द्रव होऊन थांबतो. प्रत्येक थाळीवर वर जाणारी वाफ आणि खाली झिरपणारा द्रव एकमेकांना भेटतात. वाफेतील जड रेणू द्रवात उतरतात, द्रवातील हलके रेणू वाफेत निघून जातात, आणि ही देवाणघेवाण थाळीगणिक पुन्हा पुन्हा होत गेल्याने गट स्पष्ट होत जातात. अगदी वरून वायू आणि नाफ्था (पेट्रोलसारखा हलका, कच्चा द्रव), त्याखालून रॉकेल व विमानाचे इंधन, त्याखालून डिझेल, आणि तळाशी न उकळलेला काळा, घट्ट भाग. याला ऊर्ध्वपातन म्हणतात, आणि आसाममधील दिग्बोई येथे १९०१ मध्ये सुरू झालेल्या भारतातील पहिल्या रिफायनरीतही मूळ तत्त्व हेच होते.

तळाशी राहिलेल्या भागातही उपयोगी पदार्थ असतात, पण तो आणखी तापवला तर रेणू मोडून नळ्यांत कोळसा धरू लागतो. त्यावरचा उपाय सुंदर आहे. घरच्या कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. इथे नेमके उलटे करतात. दुसऱ्या मनोऱ्यातील हवा आणि वाफ खेचून घेऊन दाब वातावरणाच्या काही शतांशांपर्यंत खाली आणला जातो, त्यामुळे एरवी पाचशे अंशांच्या वर उकळणारे रेणू चारशे अंशांच्या आतच वाफ होतात. या निर्वात मनोऱ्यातून जड डिझेलसदृश तेल आणि वंगणाचा कच्चा माल मिळतो, आणि खरोखर तळाचा जो भाग उरतो त्यापासून डांबर बनते.

इथपर्यंतचे सारे काम वेगळे करण्याचे झाले. अडचण अशी, की निसर्गाने केलेली वाटणी आपल्या गरजेशी जुळत नाही. साध्या ऊर्ध्वपातनाने आखाती जड तेलाचा जवळजवळ निम्मा भाग तळाशी उरतो. देशाला मात्र सर्वाधिक डिझेल हवे असते, जे भारतातील एकूण पेट्रोलियम वापराच्या सुमारे ४० टक्के आहे. ही समस्या शंभर वर्षांहून जुनी आहे. मोटारी वाढू लागल्या तेव्हा अमेरिकेत पेट्रोल कमी पडू लागले आणि विल्यम बर्टन यांनी जड तेल दाबाखाली तापवून त्याचे लांब रेणू तोडण्याची पद्धत १९१३ मध्ये व्यापारी पातळीवर आणली. पुढे फ्रेंच अभियंता युजीन हूद्री यांनी हेच काम उत्प्रेरकाच्या साहाय्याने करून दाखवले, आणि १९४२ मध्ये अमेरिकेतील बॅटन रूज येथे अशा संयंत्राचे आजच्या रूपातील पहिले व्यापारी उदाहरण सुरू झाले.

या संयंत्राविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण मानवाने बनवलेल्या यंत्रणांमध्ये इतकी चतुर यंत्रणा विरळा. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. इथे झिओलाइट नावाच्या, अतिसूक्ष्म पोकळ्या असलेल्या स्फटिकापासून बनवलेली बारीक भुकटी वापरतात. तिचे कण इतके लहान असतात, की खालून वाफ सोडली की ती द्रवासारखी वाहते आणि नळ्यांतून हवी तिकडे नेता येते. तापलेली भुकटी आणि जड तेल एका उभ्या नळीत एकत्र येतात. पाचशे अंशांहून अधिक तापमानात, दोन-चार सेकंदांत, लांब रेणूंचे तुकडे होतात. याच वेळी भुकटीवर कोळशाचा थर चढतो आणि ती निष्क्रिय होते. मग ती शेजारच्या भांड्यात जाते, तिथे हवा सोडून हा कोळसा सुमारे ७०० अंशांना जाळला जातो, भुकटी स्वच्छ होते आणि तीच जळणाची उष्णता घेऊन पुन्हा तेलाला भेटायला परत येते. म्हणजे ज्या कोळशाने भुकटी बिघडवली, तोच कोळसा पुढच्या फेरीचे इंधन ठरतो. हे चक्र रात्रंदिवस, अनेकदा तीन-चार वर्षे न थांबता चालते. यातून मुख्यतः पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस आणि प्लॅस्टिक उद्योगाला लागणारे प्रोपिलीन मिळते.

रेणू तोडण्यामागचा नियम एका वाक्यात सांगता येतो: जड तेलात कार्बनच्या मानाने हायड्रोजन कमी असतो, म्हणून त्यापासून हलके इंधन बनवायचे तर काही कार्बन बाहेर काढावा लागतो किंवा बाहेरून हायड्रोजन घालावा लागतो. वरच्या संयंत्रात कार्बन बाहेर काढला जातो. हायड्रोक्रॅकर नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या संयंत्रात वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाबाखाली हायड्रोजन घातला जातो आणि त्यातून उत्तम प्रतीचे डिझेल व विमानाचे इंधन निघते. भारतात डिझेलची मागणी मोठी असल्यामुळे इथल्या रिफायनऱ्यांनी या महागड्या मार्गावरही बराच खर्च केला आहे. तिसरा मार्ग अगदी तळाच्या गाळासाठी आहे. तो सुमारे पाचशे अंशांना तापवून मोठ्या पिंपांत ठेवला जातो, हलका भाग उडून जातो आणि मागे पेटकोक नावाचा दगडी कोळशासारखा घन पदार्थ उरतो. हा पेटकोक मुख्यतः सिमेंटच्या भट्ट्यांत जळतो. थोडक्यात, रिफायनरी जितकी अत्याधुनिक, तितके तिचे काळे तेल कमी आणि पेट्रोल-डिझेल जास्त. सुरुवातीच्या प्रश्नाला ठरावीक उत्तर नसण्याचे कारण हे आहे.

पेट्रोलच्या बाबतीत केवळ रेणूची लांबी पुरत नाही, आकारही महत्त्वाचा असतो. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते आणि ठिणगी पडल्यावरच पेटणे अपेक्षित असते. सरळ साखळीचे रेणू दाब आणि उष्णतेने ठिणगीची वाट न पाहताच पेट घेतात, इंजिन ठोके देऊ लागते आणि शक्ती वाया जाते. फांद्या फुटलेले किंवा वर्तुळासारखे कडे बनलेले रेणू हा दाब सहन करतात. याचे मोजमाप म्हणजे ऑक्टेन क्रमांक: सात कार्बनच्या सरळ साखळीला शून्य आणि आठ कार्बनच्या, फांद्या असलेल्या आयसोऑक्टेनला शंभर गुण देऊन ही मोजपट्टी बनवली आहे. ऊर्ध्वपातनातून थेट मिळालेल्या नाफ्थाचा क्रमांक बहुधा ६० ते ७० च्या आसपास असतो आणि तो आजच्या गाडीत चालत नाही. पूर्वी त्यात शिशाचे संयुग घालून क्रमांक वाढवत. मुलांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांमुळे शिसे बंद करावे लागले आणि भारतात २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. आज नाफ्था प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकावरून सुमारे ५०० अंशांना नेला जातो, त्यातील साखळ्यांची कडी बनतात आणि ऑक्टेन क्रमांक ९५ च्या वर जातो. या क्रियेत हायड्रोजन मोकळा होतो, आणि तो वाया न घालवता पुढच्या कामाला लावतात.

ते पुढचे काम म्हणजे गंधक काढणे, आणि सोलापूरकरांचा या कामाशी संबंध वरवर वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे. डिझेलमध्ये गंधक राहिले, तर धुरातून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतोच, शिवाय गाडीच्या धुराड्यातील शुद्धीकरणाची यंत्रणाही निकामी होते. म्हणून १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ (भारत स्टेज ६) या प्रदूषणविषयक मानकानुसार पेट्रोल आणि डिझेलमध्ये दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधक चालते. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० होती. जड आखाती तेलातून थेट निघालेल्या डिझेलमध्ये हे प्रमाण दहा हजारांच्या घरात असू शकते, म्हणजे ते जवळपास हजार पटींनी खाली आणावे लागते. त्यासाठी डिझेल आणि हायड्रोजन एकत्र करून कोबाल्ट व मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून साडेतीनशे अंशांच्या आसपास नेतात. गंधक हायड्रोजनशी जोडले जाऊन हायड्रोजन सल्फाइड हा अत्यंत विषारी वायू बनतो, आणि त्याचे क्लाउस यांच्या एकोणिसाव्या शतकातील पद्धतीने पिवळ्या, शुद्ध गंधकात रूपांतर केले जाते.

आज जगात वापरले जाणारे बहुतेक गंधक खाणीतून येत नाही. ते तेल आणि वायू शुद्ध करतानाच मिळते. साखर कारखान्यात रस स्वच्छ आणि पांढरा करण्यासाठी गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात, आणि राज्यात साखर कारखान्यांसाठी सोलापूर जिल्ह्याचे नाव आघाडीवर आहे. द्राक्षबागायतदार भुरी या बुरशीच्या रोगासाठी जे गंधक फवारतात किंवा धुरळतात, तेही याच प्रकारचे. ट्रॅक्टरच्या डिझेलमधून काढलेला पदार्थ त्याच शेतावर वेगळ्या रूपाने येतो, याचे मला फार समाधान वाटते, कारण प्रदूषण रोखण्याचा खर्च इथे काही अंशी वसूल होतो. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गंधक काढायला लागणारा हायड्रोजन नाफ्थाच्या क्रियेतून पुरत नाही. उरलेला हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि वाफ यांपासून बनवावा लागतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शहराची हवा स्वच्छ ठेवण्यासाठी रिफायनरीत अधिक कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो, असा हा व्यवहार आहे. आणखी एक बारकावा असा, की गंधक काढताना डिझेलमधील नैसर्गिक वंगणक्षमताही कमी होते, म्हणून इंजिनाचा इंधनपंप झिजू नये यासाठी त्यात वेगळे रसायन मिसळावे लागते.

पंपावर मिळणारे पेट्रोल हे अशा पाच-सहा वेगवेगळ्या संयंत्रांतून आलेल्या प्रवाहांचे मिश्रण असते. ऑक्टेन क्रमांक, बाष्पनशीलता (वाफ होण्याची प्रवृत्ती), गंधक आणि बेंझिनची एक टक्क्याची मर्यादा या साऱ्या अटी एकाच वेळी आणि कमीत कमी खर्चात पाळायच्या असतात. मुंबईत माहुल परिसरात १९५४ आणि १९५५ मध्ये सुरू झालेल्या, आज हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम यांच्या मालकीच्या दोन रिफायनऱ्या आहेत. त्या बाजूने निघालेली हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर नळवाहिनी आपल्या सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत येते. अशा वाहिन्यांत पेट्रोल आणि डिझेल एकाच नळीतून, एकामागून एक ढकलले जाते आणि मध्ये पडदा नसतो. जिथे दोन्ही भेटतात तिथे थोडे मिश्रण होते; घनता सतत मोजून हा टप्पा ओळखतात आणि मिसळलेला भाग वेगळ्या टाकीत घेतात. पेट्रोल हलके आणि डिझेल जड असल्यामुळे हे शक्य होते. पंपावर घनता लिहिलेली असते तिचा आधारही हाच आहे, आणि ग्राहकाने ती पाहण्याची सवय लावावी, असे मी आवर्जून सुचवेन.

इथेनॉल मात्र या नळीतून येत नाही. ते पाणी शोषून घेते, म्हणून ते टँकरने डेपोत आणून तिथेच पेट्रोलमध्ये मिसळले जाते. उसाच्या मळीचे किंवा रसाचे आंबवण करून ऊर्ध्वपातन केले, तरी साधारण ९५ टक्क्यांच्या पुढे शुद्धता जात नाही, कारण त्या टप्प्यावर पाणी आणि अल्कोहोल एकाच तापमानाला एकत्र उकळू लागतात. उरलेले पाणी सूक्ष्म छिद्रांच्या चाळणीसारख्या पदार्थात, पुन्हा एकदा झिओलाइटमध्येच, शोषून घ्यावे लागते. देशात १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक शंभराच्या वर असल्याने पेट्रोलचा दर्जा त्या अंगाने सुधारतो, परंतु एका लीटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. साध्या गणिताने २० टक्के मिश्रणाच्या लीटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी भरते, आणि ॲव्हरेज थोडे उतरल्याची तक्रार कोणी केली तर ती निराधार मानू नये. पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाचे पाणी शिरले, तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाशी उतरते आणि वरचे पेट्रोल वेगळे होते. पावसाळ्यात टाकीतील पाण्याची तपासणी म्हणूनच पूर्वीपेक्षा जास्त गंभीरपणे व्हायला हवी.

डांबराकडे कचरा म्हणून पाहण्याची सवय आहे, ती सोडावी. निर्वात मनोऱ्याचा तळ म्हणजे आपोआप चांगले डांबर नव्हे. बॉम्बे हायसारख्या मेणयुक्त हलक्या तेलापासून ते नीट बनत नाही. आखाती जड तेल त्यासाठी योग्य. भारतात डांबराच्या प्रती व्हीजी-१०, व्हीजी-३०, व्हीजी-४० (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, घट्टपणाची प्रत) अशा असतात आणि हे आकडे ६० अंश तापमानाला ते किती घट्ट राहते यावरून ठरतात. साठच का? कारण उन्हाळ्यात काळा रस्ता हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा रस्त्याचा पृष्ठभाग साठीच्या पुढे पोचतो. मऊ प्रतीचे डांबर वापरले, तर उसाच्या ट्रॉल्या आणि अवजड ट्रक त्यात चर पाडतात. तळाचा गाळ पेटकोक संयंत्रात घालून त्यातून अधिक डिझेल काढले, तर डांबरासाठी कमी उरतो, आणि देशाला काही डांबर आयात करावे लागते, त्यामागे हेही एक कारण आहे.

स्वयंपाकाच्या गॅसविषयी थोडक्यात: प्रोपेन आणि ब्युटेन यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम मर्कॅप्टन हे उग्र वासाचे गंधकयुक्त रसायन मिसळलेले असते. वंगणाचे मूळ तेल माहुलच्या हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत मोठ्या प्रमाणावर तयार होते. यंत्रमागाच्या फिरत्या भागांना लागणारे तेल अशाच मूळ तेलापासून बनते.

नाफ्थाचा पुढचा प्रवास सोलापूरच्या कापड व्यवसायाला थेट भिडतो. पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक वाढवण्यासाठी जी कडी बनवली जातात, त्यांतच बेंझिन, टोल्युइन आणि झायलीन असतात. पॅराझायलीन वेगळे काढून त्यापासून टेरेप्थॅलिक आम्ल बनते, त्याचा इथिलीनपासून बनवलेल्या ग्लायकॉलशी संयोग केला की पॉलिएस्टर तयार होते; रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे हा उद्योग १९८० च्या दशकापासून चालतो. सोलापुरात शिवल्या जाणाऱ्या शाळेच्या गणवेशांच्या कापडात पॉलिएस्टरचा वाटा मोठा असतो, तेव्हा या शहरातील शिलाई कारागिरांची रोजीरोटी एका अर्थाने रिफायनरीच्या या शाखेशी बांधलेली आहे. सोलापुरी चादर सुती असली, तरी तिच्या रंगांपैकी बरेच रंग बेंझिनसारख्या कड्यांपासूनच बनवलेल्या रसायनांचे असतात.

या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि ती धोरणाच्या चर्चेत वारंवार सुटते: बॅरलमधील एक पदार्थ बंद करून बाकीचे तसेच चालू ठेवता येत नाहीत. विजेवर चालणाऱ्या दुचाकी वाढून पेट्रोलची मागणी घटली, पण मालट्रक आणि ट्रॅक्टर डिझेलवरच राहिले, तर रिफायनरीला डिझेलसाठी तेल आणावेच लागेल आणि त्याबरोबर नाफ्थाही येईलच. तो नाफ्था पेट्रोलकडून पॅराझायलीनकडे, म्हणजे पॉलिएस्टर आणि प्लॅस्टिककडे, वळवावा लागेल. भारतीय रिफायनऱ्यांच्या विस्तारात रसायनांच्या संयंत्रांना आता मोठे स्थान मिळते आहे, ते यामुळेच. उद्या डिझेलही कमी झाले, तर डांबर कोठून आणायचे हा प्रश्न उभा राहील, कारण केवळ डांबरासाठी तेल आणून शुद्ध करणे परवडणार नाही. त्यावर महाराष्ट्रातच एक प्रयोग झाला आहे: डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर–मनसर राष्ट्रीय महामार्गावर वनस्पतींना बळकटी देणाऱ्या लिग्निन या पदार्थाचे मिश्रण असलेल्या डांबराचा एक पट्टा तयार करण्यात आला. हे लिग्निन उसाच्या बगॅसमध्येही, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडातही, असते, आणि सध्या आपल्या जिल्ह्यातील बगॅस प्रामुख्याने कारखान्यांच्या बॉयलरमध्ये वाफेसाठी आणि विजेसाठी जळतो.